साचलेलं खरवडण्याआधी : न भरणारी जखम आणि ऊतींत जमणारं प्रथिन

जखमेवर पिवळा थर दिसला की तो काढून टाकायला हात शिवशिवतात. थर गेला की जखम स्वच्छ झाली आणि स्वच्छ जखम भरतेच, असा सगळ्यांचा साधा हिशेब असतो. बहुतेक जखमांत तो बरोबरही ठरतो. काही जखमांत मात्र काढलेला थर चार दिवसांत परत येतो, कधी आधीपेक्षा जाड होऊन. काही जखमांच्या कडेची त्वचा चिकटपट्टी काढतानाच कागदासारखी फाटते आणि आजूबाजूला जांभळे डाग उठतात. काही जखमा वर्षानुवर्षं वाहत राहतात, आणि एक दिवस लघवीला फेस येऊ लागतो, पाय सुजतात. या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशा वेळी प्रश्न एकच असतो : इथे काय साचतंय, आणि ते का साचतंय? उत्तर मिळेपर्यंत थर खरवडायचा नाही, मलम बदलत राहायचं नाही आणि ऑपरेशनची घाई करायची नाही, असं माझं ठाम मत आहे. हा लेख रुग्णासाठी आहे आणि घरी रोज ड्रेसिंग करणाऱ्या माणसासाठीही. उपचार डॉक्टरच ठरवतील. पण योग्य निरीक्षण घेऊन त्यांच्यासमोर बसलात तर निदानाचे कित्येक महिने वाचू शकतात.

आधी, जखम भरते कशी

जखम झाली की काही मिनिटांत रक्त गोठतं. रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं विरघळलेलं प्रथिन धाग्याधाग्यांच्या जाळीत बदलतं. ही जाळी म्हणजे फायब्रिन. बांधकामाला परांची लागते तशी नव्या पेशींना चढायला ही जाळी लागते. पुढचे काही दिवस सूज, लाली आणि ऊब राहते, कारण पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेली ऊती साफ करत असतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तळाशी लाल, दाणेदार, ओलसर मांस दिसू लागतं आणि कडेची त्वचा आत सरकते. शेवटचा टप्पा सगळ्यात लांब : आत घातलेलं कच्चं कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, बदलून पक्कं बसवायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. तरीही तिथल्या त्वचेची ताकद मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोचते.

यात एक गोष्ट सहज निसटते. परांची बांधणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती वेळेवर उतरवणंही. फायब्रिनची जाळी विरघळवायचं काम प्लास्मिन करतं, आणि प्लास्मिन ज्यापासून तयार होतं ते प्लास्मिनोजेन यकृतात बनतं. जाळी उतरली नाही तर कडेच्या पेशींची वाट अडते. १९९६ साली उंदरांवरच्या प्रयोगांत हे फार स्वच्छ दिसलं. प्लास्मिनोजेनचा जनुक बंद केलेल्या उंदरांच्या जखमा भरेनात. त्याच उंदरांतून फायब्रिनोजेनही काढून टाकल्यावर जखमा पुन्हा व्यवस्थित भरू लागल्या. म्हणजे अडचण प्लास्मिनोजेन नसण्यापेक्षा न उतरलेल्या परांचीची होती.

पायरी १ : मोजा, आणि लिहून ठेवा

‘बरी वाटतेय’, ‘तशीच आहे’ यावर कुणी निर्णय घेऊ शकत नाही. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, ड्रेसिंग काढून सलाईनने धुतल्यावर मोजा. सगळ्यात मोठी लांबी घ्या, तिला काटकोनात असलेली सगळ्यात मोठी रुंदी घ्या आणि दोन्हींचा गुणाकार करा. रुग्णाची बसण्याची किंवा झोपण्याची स्थिती दर वेळी तीच ठेवा, कारण पाय दुमडला की मापं बदलतात. शेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो काढा. पट्टीवर तारीख लिहा.

उदाहरण घेऊ. पहिल्या दिवशी जखम ४ सें.मी. लांब आणि ३ सें.मी. रुंद, म्हणजे १२. चार आठवड्यांनी ३.५ आणि २.८, म्हणजे ९.८. डोळ्यांना ‘बरीच कमी झाली’ असं वाटेल, पण घट १८ टक्क्यांच्या आसपासच आहे. योग्य उपचार चालू असताना मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्याने कमी झाली नाही, तर ती त्याच उपचारांनी पुढे भरण्याची शक्यता कमी असते. इतर जुनाट जखमांनाही मी हाच अंदाज लावीन. चार आठवडे झाले आणि आकडा निम्म्याजवळही आला नाही, तर ड्रेसिंगचा ब्रँड बदलण्यापेक्षा निदान नव्याने तपासायची वेळ झाली आहे.

मापांच्या शेजारी चार शब्दांत आणखी नोंद करा : तळाचा रंग (लाल, पिवळा, काळा), किती पाझरतं, वास, वेदना. थर काढला असेल तर तो किती दिवसांनी परत आला, हेही लिहा. ही शेवटची नोंद जवळजवळ कुणीच ठेवत नाही, आणि पुढे तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

पायरी २ : नेहमीची कारणं आधी बाद करा

दुर्मीळ आजाराचं नाव वाचलं की मन तिकडेच धावतं. पण न भरणाऱ्या जखमांमागे बहुतेक वेळा रोजचीच कारणं असतात, आणि ती तपासल्याशिवाय पुढे जाणं चूक आहे.

रक्तपुरवठा पुरेसा आहे का? घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचा संशय घेतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाब घेतात. पायावर घट्ट दाबपट्टी बांधण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, कारण रक्त कमी पोचणाऱ्या पायाला तीच पट्टी धोक्याची ठरते.

मग साखर, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी. १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने तळपायाची संवेदना. जखमेवर दिवसभर कुठला दाब पडतोय ते : चप्पल, अंथरूण, खुर्ची, कृत्रिम पाय. शिरांची सूज. खोलवर हाडाला लागलेला जंतुसंसर्ग. तंबाखू. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सियुरिया यांसारखी औषधं. यातलं शेवटचं तर घोट्याजवळ स्वतःच व्रण करू शकतं. आणि कर्करोग. वर्षानुवर्षांच्या जखमेची कड उंचावली, बाहेरच्या बाजूला वळली, सहज रक्त येऊ लागलं, तर तुकडा तपासायला पाठवण्यात एक आठवडाही घालवू नये.

पायरी ३ : जखमेवर साचलेलं काय आहे, ते ओळखा

पिवळं दिसणारं सगळं सारखं नसतं. पू पातळ असतो आणि धुतल्यावर जातो. वाळलेलं मलम पुसलं की निघतं. उघडा पडलेला स्नायुबंध पिवळट-पांढरा, चकचकीत असतो. त्याला मेलेला थर समजून कापलं तर बोट किंवा पाय हलवायची ताकद जाते. नेहमीचा चिकट थर मऊ, ओला, थोडा लोंबणारा असतो. त्यात फायब्रिन, मेलेल्या पेशी आणि जंतूंचं आवरण एकत्र मिसळलेलं असतं. ड्रेसिंगने तो हळूहळू सुटतो, गरज पडल्यास प्रशिक्षित माणूस काढतो.

पायाच्या शिरा बिघडलेल्या असतील तर फायब्रिन जखमेच्या वर आणि आतल्या केशवाहिन्यांभोवतीही साचतं. ब्राउझ आणि बर्नंड या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलं की हे वेटोळं ऑक्सिजनची वाट अडवतं. पुढे त्या स्पष्टीकरणात बरीच भर पडली, कारण एकट्या वेटोळ्याने सगळा उलगडा होत नाही. पण शिरांमधला वाढलेला दाब कमी केल्याशिवाय हा व्रण भरत नाही, हे पक्कं आहे. घोट्यापाशी सुमारे ४० मि.मी. पारा इतका दाब देणारी पट्टी हा तिथला मुख्य उपचार, आणि तो अर्थातच धमन्या तपासल्यानंतर.

आता नेहमीपेक्षा वेगळा थर. पापणीच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर, घशात किंवा योनिमार्गात जाडसर, पांढरा-पिवळा, लाकडासारखा टणक पडदा धरत असेल. तो काढला की काही दिवसांत परत येत असेल. आणि हे लहानपणापासून चालू असेल, तर प्लास्मिनोजेनची जन्मजात कमतरता तपासायलाच हवी. डोळ्यातल्या या रूपाला लिग्नियस कन्जंक्टिव्हायटिस म्हणतात, लाकूड या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आजार अतिशय दुर्मीळ आहे, साधारण दहा लाखांत एक-दोघांना. बाळ अनेकदा वर्षाच्या आतच डोळे लाल, चिकट, न सुधारणारे घेऊन येतं आणि कितीतरी काळ साधा डोळे येण्याचा त्रास समजून थेंब घातले जातात. आईवडिलांची तक्रार एकच असते की डॉक्टरांनी काढलं, पण परत आलं. ती तक्रार हाच निदानाचा धागा आहे.

चेहऱ्यावर आणि कोपरांवर किरकोळ खरचटण्यानेही खड्डेदार वण राहतात, पापण्यांच्या कडेला मण्यांसारखे बारीक दाणे आहेत आणि आवाज तान्हेपणापासून घोगरा आहे, अशी जोडी दिसली तर लिपॉइड प्रोटिनोसिस हे नाव त्वचारोगतज्ज्ञांसमोर काढा. यात त्वचेत आणि स्वरयंत्रात काचेसारख्या द्रव्याचा थर साठतो. त्यामागचा ईसीएम१ जनुकातला दोष २००२ मध्ये सापडला.

पायरी ४ : शरीरात साचणाऱ्या प्रथिनाच्या खुणा

आतापर्यंत डोळ्यांना दिसणाऱ्या थराबद्दल बोललो. अमायलॉइड वेगळं असतं. काही प्रथिनं चुकीच्या पद्धतीने घडी घालून एकमेकांना चिकटतात, त्यांचे न विरघळणारे तंतू बनतात आणि ते हृदय, किडनी, नसा, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांत बसतात. रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५४ मध्ये हे नाव वापरलं. आयोडीनने रंग बदलतो म्हणून त्यांना ते पिष्टासारखं वाटलं. १८५९ मध्ये फ्रीडरीश आणि केकुले यांनी ते प्रथिन असल्याचं दाखवलं, पण चुकीचं नाव टिकलं ते टिकलंच.

जखमेच्या दृष्टीने तीन प्रकार महत्त्वाचे.

एएल प्रकारात अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडांचे हलके तुकडे बनवत सुटतात. हे तुकडे त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत बसले की त्या ठिसूळ होतात. डोळे चोळले, जोरात खोकला आला, तरी पापण्यांभोवती जांभळं उमटतं. चिमटा घेतला तरी डाग पडतो. काहींची जीभ मोठी होते आणि तिच्या कडेला दातांचे ठसे दिसतात. रक्त गोठवणारा दहावा घटक अमायलॉइडला चिकटून रक्तातून कमी होऊ शकतो, म्हणजे जखमेतून रक्त थांबतही नाही. अशा त्वचेवर साधा ओरखडाही लांबतो.

एटीटीआर प्रकारात ट्रान्सथायरेटिन नावाचं, यकृतात बनणारं प्रथिन साचतं. दोन्ही मनगटांत रात्री मुंग्या येणं, म्हणजे कार्पल टनेलचा त्रास, हृदयाच्या लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतो. आनुवंशिक प्रकारात पायाच्या नसा बधिर होतात आणि तळपायाला न दुखणारे व्रण पडतात. मधुमेह नसताना मधुमेहासारखी पायाची जखम दिसली तर इथे थांबून विचार करावा.

तिसरा एए प्रकार, आणि त्यावर मला जास्त बोलायचं आहे. शरीरात दाह चालू असला की यकृत सीरम अमायलॉइड ए हे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवतं. दाह काही दिवसांत शमला तर काही बिघडत नाही. तो वर्षानुवर्षं चालला तर याच प्रथिनाचे तंतू प्रामुख्याने किडनीत साचू लागतात. संधिवात, क्षयरोग, कुष्ठरोग, हाडाचा जुना जंतुसंसर्ग ही याची परिचित कारणं आहेत. त्याच यादीत वर्षानुवर्षं न भरलेली जखमही आहे. म्हणजे जुनाट दाबव्रण, वाहणारं हाड, त्वचेला सतत फोड येणारे जन्मजात आजार. आता पुढची साखळी बघा : जखमेमुळे दाह, दाहामुळे किडनीत अमायलॉइड, किडनीतून लघवीवाटे अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची गळती, रक्तातलं अल्ब्युमिन कमी, अंगावर सूज, आणि सुजलेल्या, प्रथिन गमावणाऱ्या शरीरात जखम भरायला साहित्यच उरत नाही. मग जखम आणखी लांबते आणि दाह चालूच राहतो. ‘इतकी वर्षं आहे, काही होत नाही’ असं म्हणून सवय झालेल्या जखमेचं खरं भय हे आहे. ती दुखत नसली, वाहायची थांबलेली वाटत असली, तरी तिच्यासाठी लघवीची तपासणी नियमित व्हायला हवी.

घरच्या माणसाने विचारायचे प्रश्न असे :

– लघवीत न जिरणारा फेस येतो का? संध्याकाळी घोट्यांवर खड्डा पडतो का?
– उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का?
– काही न लागता जांभळे डाग उठतात का, विशेषतः मानेच्या वर?
– दोन्ही हातांना मुंग्या, बोटांतून वस्तू निसटणं?
– वजन घटतंय का? जुलाब आणि बद्धकोष्ठ आलटून पालटून होतात का?
– थंडीत बोटं, कान, पाय जांभळे पडून तिथे व्रण होतात का?

शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर दिशा वेगळी : थंडीत गोठणारी प्रथिनं, म्हणजे क्रायोग्लोब्युलिन. ती लहान रक्तवाहिन्या अडवतात. हिपॅटायटिस सी हे त्यामागचं एक मोठं कारण, आणि त्यावर आज चांगला उपचार आहे.

पायरी ५ : तपासण्या, योग्य क्रमाने

पहिली तपासणी स्वस्त आणि साधी असते. लघवीतलं प्रथिन, रक्तातलं अल्ब्युमिन, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, दाह दाखवणारं सीआरपी, रक्ताची पूर्ण मोजणी. यातून काही संशय आला की मग पुढे.

एएलसाठी तीन तपासण्या एकत्रच कराव्या लागतात : रक्ताचं इम्युनोफिक्सेशन, लघवीचं इम्युनोफिक्सेशन (बिघडलेल्या पेशींचं प्रथिन शोधणारी चाचणी) आणि रक्तातल्या मुक्त हलक्या साखळ्या, म्हणजे वर सांगितलेले प्रतिपिंडांचे हलके तुकडे. नुसतं प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस करून ‘सगळं ठीक’ म्हणून घरी येऊ नका, कारण लहान प्रमाणातली गडबड त्यातून सुटते. किडनी मंदावलेली असेल तर साखळ्यांचं गुणोत्तर आपोआप थोडं सरकतं, तेही डॉक्टरांना विचारात घ्यावं लागतं. हृदयातल्या एटीटीआरसाठी हाडांच्या स्कॅनचं द्रव्य वापरून तपासणी होते, पण तिचा अर्थ एएलच्या तपासण्या निर्दोष आल्यावरच लावता येतो. हा क्रम उलटा झाला तर एएलचा रुग्ण एटीटीआर समजला जाऊ शकतो, आणि एएलमध्ये प्रत्येक आठवडा महत्त्वाचा असतो.

क्रायोग्लोब्युलिनच्या नमुन्यात एक छोटी पण निर्णायक गोष्ट आहे. रक्त घेतल्यापासून ते गोठून सीरम वेगळं होईपर्यंत नमुना ३७ अंश सेल्सिअसला राहिला पाहिजे. वाटेत थंड झाला तर प्रथिन तिथेच गोठून फेकलं जातं आणि अहवाल चुकीने निर्दोष येतो. रक्त देण्याआधी ‘नमुना गरम ठेवायची सोय आहे ना?’ हे विचारायला संकोच करू नका.

प्लास्मिनोजेनची रक्तातली क्रियाशीलता मोजता येते. नवजात बाळात ती प्रौढांपेक्षा मुळातच कमी असते, म्हणून अहवाल वयानुसार वाचावा लागतो. निदान पक्कं झालं तर भावंडांचीही तपासणी करावी, कारण आजार आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतो.

बायोप्सी हा सगळ्या गोंधळाचा निकाल लावणारा टप्पा, आणि तो वाया जाण्याचे मार्गही बरेच. जखमेच्या मधला मेलेला भाग घेतला तर उत्तर मिळत नाही. कडेचा तुकडा, थोड्या निरोगी त्वचेसकट आणि पुरेसा खोल, घ्यायला हवा. तो विभागून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, एक जंतूंच्या वाढीसाठी निर्जंतुक सलाईनमध्ये आणि गरज वाटल्यास एक इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी वेगळ्या द्रवात जातो. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत, म्हणून हे आधीच ठरवायचं असतं. आणि विनंतीपत्रावर ‘अमायलॉइडचा संशय, काँगो रेड करावं’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. नेहमीच्या रंगात अमायलॉइड नुसतं गुलाबी, निर्विकार दिसतं आणि नजरेतून सुटतं. काँगो रेडने रंगवून ध्रुवीकृत प्रकाशात पाहिलं की सफरचंदी हिरवी चमक दिसते.

जखमेला हात न लावता पोटाच्या त्वचेखालची चरबी सुईने काढूनही अमायलॉइड शोधता येतं. नाजूक त्वचेच्या रुग्णासाठी ही सोयीची पद्धत. ती निर्दोष आली म्हणून आजार नाही असं मात्र धरता येत नाही. अमायलॉइड सापडल्यावर ते कोणत्या प्रथिनाचं आहे हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने ठरवतात, आणि प्रकार कळल्याशिवाय उपचार सुरू करायचे नसतात. एएलसाठी दिली जाणारी केमोथेरपी एटीटीआरच्या रुग्णाला काहीही फायदा न देता नुसता त्रास देईल.

पायरी ६ : कारणावर उपचार

एएलमध्ये त्या प्लाझ्मा पेशी आवरायच्या असतात. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने डाराटुमुमॅब हे सायक्लोफॉस्फामाइड, बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन यांच्या जोडीने मंजूर केलं. यातलं डेक्सामेथासोन स्टेरॉइड आहे, म्हणजे उपचार चालू असताना जखम मंदावू शकते. ते अपेक्षितच आहे, त्यासाठी औषध स्वतःहून बंद करू नका. एटीटीआरमध्ये ट्रान्सथायरेटिनला घट्ट धरून ठेवणारं टाफामिडिस आणि ते बनणंच कमी करणारी औषधं आहेत. एएमध्ये मूळ दाह विझवणं हाच उपचार : संधिवात आवरणं, क्षयाचा पूर्ण कोर्स, सडलेलं हाड काढणं, जखम खरोखर मिटवणं. दाह नीट खाली राहिला तर किडनीचं नुकसान थांबू शकतं, काहींत गळती कमीही होते.

प्लास्मिनोजेनच्या कमतरतेत जून २०२१ पासून, अमेरिकेतल्या मंजुरीनंतर, शिरेतून देता येणारं मानवी प्लास्मिनोजेन उपलब्ध झालं. डोळ्यासाठी प्लास्मिनोजेनचे किंवा ताज्या गोठवलेल्या प्लाझ्माचे थेंब, सोबत रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, असे मार्ग वापरले गेले आहेत. नुसती कात्री चालवली तर पडदा पुन्हा धरतो, कारण प्रत्येक काप ही नवी जखम असते आणि तिच्यावर फायब्रिन नव्याने साचतं. उपचाराची जोड असेल तेव्हाच शस्त्रक्रिया. आणखी एक सावधगिरी : रक्तस्राव थांबवायला सर्रास दिलं जाणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड फायब्रिन विरघळू देत नाही. या रुग्णांच्या कागदपत्रांवर ते ठळक लिहून ठेवावं, दंतवैद्यालाही दाखवावं.

खरवडण्याबद्दलचा आग्रह आणखी एका आजारासाठी धरतो, जरी तिथे प्रथिन साचत नाही. पायोडर्मा गँग्रेनोसममध्ये व्रण झपाट्याने वाढतो, कड जांभळी आणि आतून पोखरलेली असते, वेदना प्रचंड. त्याला संसर्ग समजून कापलं की तो आणखी पसरतो. कापल्यावर जखम मोठी होत गेली, हे वाक्य डॉक्टरांना नक्की सांगा.

पायरी ७ : रोजचं ड्रेसिंग

हात धुवा. जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर ओढू नका. कोमट सलाईनने भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा. जखम सलाईनने धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तीव्र जंतुनाशकं नव्या पेशीही मारतात, रोजच्या वापरात ती नकोतच. तळ ओलसर राहील आणि कड कोरडी राहील असं ड्रेसिंग निवडा : फार पाझरत असेल तर शोषणारं, कोरडी असेल तर ओलावा देणारं.

अमायलॉइडच्या ठिसूळ त्वचेला साधी चिकटपट्टी लावूच नका. सिलिकॉनचं न चिकटणारं ड्रेसिंग, त्यावर मऊ गुंडाळपट्टी, आणि गाठ जखमेपासून दूर. कातडी सोलली गेली तर ती कापून टाकू नका. ओल्या गॉजने हलकेच जागेवर पसरवा आणि ड्रेसिंग कोणत्या दिशेने काढायचं याचा बाण वरून काढून ठेवा. नखं आखूड ठेवा, पलंगाच्या आणि चाकाच्या खुर्चीच्या कडांना मऊ आच्छादन लावा.

खाण्याबद्दलचा एक गैरसमज फार नुकसान करतो. ‘अंगात प्रथिन साचतंय, मग आहारातलं प्रथिन बंद’ असा तर्क अनेकजण लावतात. साचणारं प्रथिन शरीर स्वतः बनवतं, चुकीच्या घडीचं. ताटातलं प्रथिन पचनात तुटून सुटं होतं, ते अमायलॉइड म्हणून साचत नाही. उलट जखम भरायला ते लागतंच. दाबव्रण असलेल्या आणि कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णाला दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिन सुचवतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण ६३ ते ७५ ग्रॅम. किडनी बिघडलेली असेल तर हा आकडा बदलतो, तो किडनीच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. वर्षानुवर्षं एकाच जागी सुई टोचली की तिथे इन्सुलिनचंच अमायलॉइड साचून कडक गाठ होऊ शकते. त्या गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, साखर चढते, डोस वाढत जातो आणि जखम रखडते. जागा बदला, पण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. मऊ जागी तोच वाढवलेला डोस पूर्ण शोषला जातो आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. सुरुवातीचे दिवस साखर वरचेवर मोजा.

पायरी ८ : कोणत्याही शस्त्रक्रियेआधी

दात काढायचा असला तरी निदान सांगा. एएलच्या रुग्णात रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि दहावा घटक आधी तपासावा लागतो. मोठ्या जिभेमुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. नसांवर परिणाम झालेल्यांचा रक्तदाब भूल दिल्यावर एकदम घसरतो. प्लास्मिनोजेन कमी असलेल्यांना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर ते देण्याची तयारी लागते.

कोणत्या लक्षणांत थांबायचं नाही

लाली तासागणिक पसरतेय, थंडी वाजून ताप आलाय, जखमेचा भाग काळा पडतोय, दाबूनही रक्त थांबत नाही, धाप लागते किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लिग्नियस आजार असलेल्या मुलाचा आवाज बसला किंवा श्वासाला घरघर येऊ लागली तर पडदा श्वासमार्गात धरत असू शकतो. त्याच आजारात काही तान्ह्या बाळांच्या मेंदूतला द्रव अडून डोकं वेगाने वाढतं, म्हणून डोक्याचा घेर मोजत राहावा लागतो.

जखम मिटल्यावरही

मिटलेल्या जागेवर पुढचं वर्षभर दाब आणि घर्षण टाळा, आत काम चालूच असतं. जखम बरीच वर्षं होती, तर ती भरल्यानंतरही लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन आणि सीआरपी दर तीन ते सहा महिन्यांनी बघत राहावं. नेमकं अंतर डॉक्टर ठरवतील. किडनीत आधीच बसलेलं अमायलॉइड जखमेसोबत निघून जात नाही. मापांची वही तशीच ठेवा, फक्त जखमेच्या लांबी-रुंदीच्या जागी आता लघवीतल्या प्रथिनाचा आकडा आणि तारीख लिहायची.